चौथी शिकलेल्या बाईचा तास

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर एका माणसानं वाकून माझे पाय धरले. "सर, ओळखलं का?" चेहरा ओळखीचा होता, नाव काही केल्या आठवेना. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, एखादं नाव सुटायचंच, असं मी स्वतःला समजावलं. पण त्याच आठवड्यात गॅसवर दूध ठेवून मी बाजारात निघून गेलो. शेजाऱ्यांनी धूर पाहिला म्हणून बरं. तेव्हा मात्र घाबरलो. माझ्या आईनं शेवटची दोन वर्षं मला ओळखलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, "आईसारखं काही दिसत नाही. पण शुगर वाढली आहे आणि तुम्ही दिवसभर बसून असता." मग मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून त्यांनी सविस्तर सांगितलं. मेंदू वजनाला लहान, पण त्याला प्राणवायू भरपूर लागतो. तो वापरताना काही उपद्रवी कण तयार होतात, ते पेशींना इजा करतात. शरीर त्यांना आवरतं. वय वाढलं, हालचाल थांबली, ताटातला भाजीपाला कमी झाला की हे आवरणं कमी पडतं. "हमी कोणी देणार नाही," ते म्हणाले, "पण चालणं आणि ताट, दोन्ही तुमच्या हातात आहे."

पत्नी गेल्यापासून माझ्या ताटात दोन्ही वेळा पांढरा भात आणि लोणचं असायचं.

हे सगळं मी बाईला फोनवर सांगितलं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सावलीजवळच्या एका गावात तिची धानाची शेती. आईबाप मजुरीला जायचे आणि मला सांभाळायला घरी कोणी नसायचं, म्हणून चौथीनंतर तिची शाळा सुटली. मी शिकलो तो तिच्या शाळेच्या बदल्यात.

तिसऱ्या दिवशी ती थैला घेऊन दारात उभी.

"मेंदूले जंग लागून राह्यला म्हणते का डॉक्टर?"

"तसंच काहीसं, बाई."

"मंग बसून काऊन राह्यला? ऊठ."

तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. शिवारात वाघ फिरत असल्यानं आम्ही चांगलं उजाडल्यावरच निघायचो. पहिल्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मला धाप लागली. "थांब बाई," म्हटलं. "तू थांब," ती म्हणाली, "मले त्या कडूलिंबापर्यंत जाचं हाय." आणि खरंच गेली. मी लाजेनं मागोमाग.

थैल्यात हातसडीचा तांदूळ होता, जवसाची चटणी आणि वाळवलेले आवळे. भात तिनं एकाच वेळेवर आणला, तोही मूठभर. बाकी ताट डाळीनं आणि भाजीनं भरायचं. पाऊस लागला तशी ती मला कुंपणाकडेला उगवलेला कोवळा तरोटा, म्हणजे टाकळा, खुडायला शिकवू लागली. मी झाडांची शास्त्रीय नावं शिकवलेला माणूस, पण पहिल्या दिवशी भलताच पाला खुडून आणला. ती पोट धरून हसली. "इतकी पोरं शिकवली, अन् तुले तरोटा नाई समजत?"

मग ती मला तिच्या गावी रोवणीला घेऊन गेली. चिखलात वाकून धानाची रोपं लावता लावता तासाभरात माझी कंबर मोडली. ती दिवसभर ओळीत सगळ्यांच्या पुढे होती, आणि बायकांपैकी कोणाच्या घरी केव्हा कोण जन्मलं हे तिथीवारासकट सांगत होती.

वर्षभरात माझी शुगर उतरली. नावं अजूनही सुटतात, पण थोड्या वेळानं सापडतात.

मागच्या हिवाळ्यात माझ्या जुन्या शाळेनं गंजण्यावर एक तास घ्यायला बोलावलं. बाई तेव्हा माझ्याकडेच होती, म्हणाली, "मीही येते, तू कसा शिकवते ते पाह्यलंच नाई कधी." ती शेवटच्या बाकावर बसली. मी परीक्षानळ्यांत खिळे ठेवून प्रयोग दाखवला, चाळीस मिनिटं चिठ्ठी न बघता बोललो. शेवटी शरीरात प्राणवायू काय करतो तेही सांगितलं.

एका मुलीनं विचारलं, "सर, मग आम्ही काय खायचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. "हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असलेलं माणूस मागं बसलंय," म्हटलं.

बाई आधी नको-नको म्हणून मान हलवत राहिली. मग पदर सावरून फळ्यापाशी आली. मृगापासून सुरुवात केली. तरोटा, कुड्याची फुलं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, अंबाडी, शेवगा, मग आवळा, बोरं, उन्हाळ्यात तेंदूची फळं म्हणजे टेंभरं. कोणती भाजी कोवळी घ्यायची, कोणती उकळून पाणी फेकायचं, कोणता मशरूम ओळखल्याशिवाय हातही लावायचा नाही. एकदाही अडखळली नाही. मुलं भराभरा लिहून घेत होती. मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, हळू सांगा ना!"

"हळू काऊन? तुमचे हात तरणे हायेत," ती म्हणाली, आणि वर्ग हसला.

निघताना मुख्याध्यापिकांनी पाहुण्यांची वही पुढे केली. मी सही करणार तोच बाईनं माझ्या हातातून पेन घेतला. आपलं नाव, मग आमच्या बाबांचं नाव, मग आडनाव, मोठ्या गोल अक्षरांत सावकाश लिहिलं. 'विषय' या रकान्यात काय लिहू म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विज्ञान लिही." तिनं तेही लिहिलं, जोडाक्षर न चुकवता. मग मी तिच्या नावाखाली सही केली.