मशीनला पाजलेलं पाणी

कॉलेजात दोन वर्षं डोकं फोडून मी एक काचपट्टी बनवली होती, बिस्किटाएवढी. तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या. नळीत पाण्याचा थेंब सोडायचा, एका बाजूने उजेड पाडायचा, पलीकडे किती पोचला ते मोबाइलवरची रेघ दाखवते. पाण्यात फवारणीचं औषध असलं की रेघ खाली बसते. मामाने ती उलटीपालटी करून पाहिली आणि एवढ्याशा कामाला दोन वर्षं कशी लागली, असं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उंद्रीजवळ मामाचं शेत, सगळी कपाशी. अळी लागत नाही असं बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणीची कटकट गेली म्हणून स्वारी गावभर मिरवली होती. मग तुडतुडे आले, पुढे गुलाबी अळी आली, आणि पंप पुन्हा पाठीवर चढला. औषध कालवायचं विहिरीच्या काठावर, पंप धुवायचा तिथेच. मामी दिवसभर शेतात, पिणं त्याच विहिरीचं. वर्षभर तिचं पोट दुखत होतं. हे पाणी प्यावं की नाही, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

मी मामाचं धरून आठ घरांत बाटल्या दिल्या आणि आपापल्या शेतातल्या विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर ही गर्दी! एक आजोबा तर गवळ्याचं दूध तपासायला घेऊन आले. आठही रेघा सरळ, एकीसारखी दुसरी. एका बाटलीला वेलदोड्याचा वास येत होता, तरी मला अक्कल आली नाही. पाणी एकदम चांगलं आहे, असं मी ऐटीत जाहीर करून टाकलं. मामीने सुटकेचा निःश्वास टाकला.

लोक पांगल्यावर मला तहान लागली. माझ्यासाठी फिल्टरच्या पाण्याची कॅन आणली होती. मामीने पेला धरला तर कॅन जवळजवळ रिकामी. मामा इकडेतिकडे पाहायला लागला. घरची बाटली त्यानेच कॅनमधून भरली होती. शेजारी विचारलं तर त्यांनीही आपापल्या बाटल्या याच कॅनमधून भरलेल्या, एकीने तर वेलदोडाही टाकलेला, आणि वर लाजून हसतात.

"अवो बाई, मशीन पह्यल्यांदा घरी आली," मामा मला म्हणाला. "पाहुण्याले कोनी विहिरीचं पाणी देते काय?"

काय बोलावं या माणसाला! मामी मात्र बाटली घेऊन शेतात गेली आणि स्वतः पाणी शेंदून घेऊन आली. मी थेंब सोडला. रेघ खाली बसली. पुन्हा केलं, पुन्हा बसली. हे पाणी पिऊ नकोस, असं मी तिला सांगितलं.

मामी माझ्याकडे पाहतच नव्हती. मामाला म्हणाली, "मशीनले कॅनचं पाजलं. अन् मले?"

सकाळी मामा शेतात निघाला तेव्हा मोटरसायकलवर मागे, मामीच्या जागेवर, भरलेली कॅन करकचून बांधलेली होती. मामी पायी निघाली.