स्टेशनवरचा भाग

नरडाण्याजवळच्या त्या शेडात बाया दिवसभर वाळल्या मिरचीचे देठ खुडत बसत. नाकातोंडावर पदर, बोटांना आग आणि मधूनच एखादीला ठसका. बेबाबाईचा हात काही फार चपळ नव्हता, पण ती आली नाही तर शेडात दिवस सरता सरत नसे. बेबाबाई मालिका सांगायची. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर जे झालं ते ती अशी रंगवून सांगे, की पाहिलेल्या बायासुद्धा पुन्हा ऐकत.

गेल्या वर्षी तिच्या लाडक्या मालिका तीन. एक कबड्डी खेळणाऱ्या पोरींची, एक वकीलबाईची, आणि सगळ्यांच्या वर ‘माहेर दूर गेलं’. त्यातल्या शर्वरीचं माहेर सासरच्यांनी लग्नातल्या मानपानावरून तोडलेलं. ती मालिका बघायला शेजारच्या, शेडातच कामाला असलेल्या भिकुबाईची सून भाविका रोज बेबाबाईकडे येई. एकदा बघता बघता ती हुंदके देऊन रडली. बेबाबाईने पाठीवरून हात फिरवला, तशी पोरगी मोकळी झाली. तिचंही माहेर तसंच तुटलेलं होतं. दवाखान्याचं निमित्त करून ती नरडाणा स्टेशनवर आईला चोरून भेटायची. बाकावर बसून दोघी एका डब्यातून खायच्या आणि आईची गाडी आली की बोलणं अर्धंच राहायचं.

“कोनले सांगू नको, मावशी.”

“नही वं माय,” बेबाबाई म्हणाली, आणि तेव्हा ते तिच्या मनापासून होतं.

पुढे एका संध्याकाळी वादळात लाईट गेली ती सकाळीच आली. शेडात बायांनी तिला घेरलं. “मंग काय व्हयनं वं?” पाहिलं नाही म्हणायला तिची जीभ वळेना. तिने शर्वरीला स्टेशनवर नेलं. बाक आला, आई आली, निळ्या झाकणाचा डबा आला. आई खिडकीतून डबा परत देते आणि गाडी सुटते, इथे सगळ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. भिकुबाईनेही. बेबाबाईला त्या दिवशी फार बरं वाटलं. नाव तर कुणाचं घेतलं नाही, असं तिने मनाला समजावलं.

वर्ष संपत आलं तेव्हा शेडात गप्पा निघाल्या, की वर्षभरात सगळ्यांत आवडलेला भाग कोणता. एकीचंही दुमत नव्हतं. स्टेशनवरचा! मुकादमाची मुलगी डिंपल म्हणाली, थांबा, मोबाईलवर दाखवते. तिने पुढेमागे करून सगळे भाग धुंडाळले.

“मावशी, हाऊ भाग कुठेच नही शे.”

बेबाबाई खाली मान घालून देठ खुडत राहिली. भिकुबाईचे हात मात्र थांबले.

“डबा कसा व्हता वं, बेबा?” तिने हळूच विचारलं. “निया झाकनना?”

दवाखान्यातून येताना सुनेच्या पिशवीत तसाच डबा तिने पाहिलेला होता. बेबाबाईने नाकावरचा पदर आणखी वर ओढला. तेच उत्तर झालं.

भाविकाचा दवाखाना बंद झाला. दोन दिवसांनी ती बेबाबाईच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही.

“मी फक्त तुलेच सांगेल व्हतं, मावशी.”

एवढंच बोलून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं बेबाबाईला झालं. पोरीचं दुःख आपण बायांत वाटून टाकलं आणि वर वाहवा घेतली, हे तिला आता उघडं दिसत होतं. टीव्ही लावला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी ती भिकुबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

“अक्का, चूक मन्ही शे, पोरनी नही.”

भिकुबाई बाजरी निवडत होती. तिने वर पाहिलंच नाही. सुनेने खोटं बोलून जावं, ही कुठली रीत, असं ती पुटपुटली. मग तिने सूप खाली ठेवलं.

“त्या दिन मन्हा डोयाले बी पानी उनं,” ती म्हणाली. “त्या शर्वरीनी सासूले मी मनातल्या मनात शिव्या दिध्यात.”

दोघींनाही एकमेकींकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात भिकुबाई एक दिवस कामावर आली नाही. सुनेबरोबर स्टेशनवर गेली होती, असं डिंपलकडून कळलं. तिथे विहिणी काय बोलल्या, भाविका हसली की रडली, हे ऐकायला बेबाबाईचा जीव तुटत होता. पण विचारायला तिला तोंड नव्हतं.

भाविका आता आडवाटेने जाते. पलीकडच्या गल्लीत मालिका बघते. समोरून आली तर पदर सावरून बाजूने निघून जाते. आणि शेडात बाया कधी त्या स्टेशनची आठवण काढतात, तेव्हा बेबाबाई ठसक्याचं निमित्त करून बाहेर जाते.