वाऱ्याच्या अंगाला मचाण

राखणीला बसलेल्या माणसांकडे वेळ भरपूर आणि विषय एकच, त्यामुळे आमच्या शिवारात हरभऱ्याच्या आधी किस्से भरतात!

साखरखेर्ड्याच्या जरा पुढे तीन शेतं एकमेकांना लागून आहेत. आमचं, शेजारच्या तात्यांचं आणि गणपतकाकांचं. तिघांचं मचाण एक, राखण पाळीपाळीनं, आणि नियमही एकच: मचाण उत्तरेच्या बांधाच्या मावळतीच्या टोकाला, आंब्याजवळच राहणार. "काऊन?" असं विचारायचं नाही.

मी विचारलं.

"तुह्या आज्यानं ठरवली जागा," तात्या म्हणाले. तिघांत ते मोठे, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. "आन् त्याले तुह्यापेक्षा जास्त समजत होतं."

"आजोबांनी हरभरा पेरला होता का?"

"ज्वारी होती तवा. पण जागा ते जागा!"

याच जागेवर बसून आमच्या लोकांनी गेल्या वर्षी अर्धा हरभरा हरणांना खाऊ घातला होता. मी शेतीची पदवी घेऊन घरी आले तेव्हा बाबांनी सरळ सांगितलं, "एक हंगाम तुह्या हातात देतो. ह्या साली बी हरणांनी नेलं, तं शेत मक्त्यानं देऊन टाकू. मंग तू बुलढाण्याले नोकरी पाह्य."

मला नोकरी नको होती. मला ते शेत हवं होतं.

*

गणपतकाका म्हणजे राखणीतले अनुभवी गडी. त्यांच्या पाळीला एका संध्याकाळी मी शेतावर गेले, तर काका मचाणावर घोंगडी पांघरून, बिडी ओढत, रस्त्यावरच्या मोटारसायकली बघत बसलेले. मागे, उत्तरेच्या बांधाला जिथे खिंडार पडलंय, तिथून कळप आत शिरून निवांत शेंडे खुडत होता.

"काका! हरणं!"

काका दचकून वळले. "अबे, हे तं मागून आले!"

"मागून नाही आले काका. तुम्हीच शेताकडं पाठ करून बसले!"

"मंग काय करू? उगवतीचा वारा तोंडावर येते. गार किती हाये!"

तिथंच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पावसाळ्यात वारा मावळतीकडून येतो. तेव्हा आंब्याजवळच्या माणसाचा वास उत्तरेच्या बांधावरून वाहत जायचा आणि पलीकडच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, पडीक गवतातून येणारी हरणं त्या वासानंच थबकायची. म्हणजे आजोबा बरोबर होते! पण ज्वारी पावसाळ्याची, हरभरा हिवाळ्याचा. हिवाळ्यात वारा फिरतो आणि काकांचा वास, बिडीसकट, डांबरी रस्त्याकडे निघून जातो. इथं कुणी राखणीला बसलंय, हे हरणांना कळणार कसं?

*

तात्यांना पटावं म्हणून मी मचाणावर चढून कापसाचा एक पुंजका सोडला. तो तरंगत तरंगत थेट रस्त्यावर गेला.

"पाहा तात्या. आपला वास तिकडं चालला, हरणं येते इकडून."

"वाऱ्याची परीक्षा घेऊन राह्यली का? वारा काय तुह्या कॉलेजात हाये?"

"वारा पास झाला, तात्या. मचाण नापास झालं!"

त्या दिवशी तात्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

*

वारा कळला, तरी कळपाची वाट पक्की माहीत असायला हवी. रोज सकाळी मी खुरांचे ठसे पाहत ई-क्लास पालथं घालायची. काळवीट नर पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो. ही हद्द माझी, असं त्याचं म्हणणं. ते ढीग शोधून मी त्यांचे फोटो काढले. कळप कुठं बसतो, कुठून उठतो, कोणत्या वाटेनं खिंडारापाशी येतो, हळूहळू सगळं समोर दिसायला लागलं.

एकदा आईनं माझा मोबाइल हातात घेतला आणि कपाळाला हात लावला.

"लोकाईच्या पोरी मोबाइलात साड्या पाह्यते, आन् आमची लेंड्या!"

*

मचाण हलवायला तात्या होकार देणार नव्हते. म्हणून मी मागितलाच नाही.

बाजाराच्या दिवशी तिघेही साखरखेर्ड्याला गेले. इकडे आईला आणि निंदायला आलेल्या बायकांना सोबत घेऊन मी मचाणाच्या दोऱ्या सोडल्या, बल्ल्या उपटल्या आणि उत्तरेच्या बांधाच्या उगवतीच्या टोकाला रोवल्या. आता वारा आमचा वास अख्ख्या बांधावरून, खिंडारावरून नेणार होता.

ऊन उतरलं तशी आंब्याकडून तात्यांची बोंब ऐकू आली. "मचाण चोरीले गेलं बे!"

गणपतकाका आंब्याला फेरी मारून म्हणाले, "फळ्या बी नेल्या!"

"तात्या, इकडं!" मी वरून हात हलवला.

तात्या तरातरा आले. तोंडात शिव्या तयार होत्या, पण तेवढ्यात ई-क्लासमधून कळप निघाला. पुढे काळा नर. खिंडाराजवळ तो थांबला, मान वर केली, नाक फुगवलं, आणि एकच उडी! सगळा कळप हवेत उड्या घेत आल्या वाटेनं परत. हरभऱ्याच्या एका शेंड्यालाही तोंड लागलं नाही. माझी छाती अशी फुगली की मचाण मोडतं की काय, असं वाटलं!

तात्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "आज त्याईले भूक नसंल."

*

मधेच देऊळघाटकडचं एक स्थळ आलं. मुलगा बॉडी स्प्रेची अख्खी बाटली अंगावर रिकामी करून आलेला. त्याच्या मामांनी विचारलं, "पोरगी काय करते?"

बाबा अडखळले. मीच म्हणाले, "हरणं हाकलते."

मुलाला गंमत वाटली. मचाण बघायचं म्हणाला, चढला आणि ऊन कलेपर्यंत बसून राहिला. त्या संध्याकाळी कळप खिंडारापर्यंतसुद्धा आला नाही. लांबूनच पळाला!

पाहुणे गेल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "मंग? कसा वाटला?"

"पोरगा राहू द्या बाबा. स्प्रे ठेवून घ्या!"

*

पुढे आभाळ आलं आणि वारा उलटा फिरला. कळपानं बरोबर तेवढ्यात डाव साधला आणि तात्यांचा एक कोपरा खाल्ला. तात्यांना नुकसानीपेक्षा आनंदच जास्त झालेला दिसला.

"गेलं तुहं कॉलेज!"

मी गणपतकाकांच्या घरी गेले आणि त्यांचे न धुतलेले सदरे मागून आणले. आंब्याजवळ काठ्या रोवून त्यांवर टांगले. मचाणावर माणूस या टोकाला, सदरे त्या टोकाला. वारा कुठूनही येवो, वास आमचाच! कळप परत फिरकला नाही.

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बाई, माह्या नवऱ्याचा उपयोग झाला एकदाचा!"

*

घाटे भरत आले तसे तात्या बदलले. चहाच्या टपरीवर सांगायला लागले, "आमची पोरगी नुसत्या वाऱ्यावरून सांगते, हरीण कुठं थांबंल!"

ते ऐकून दुसरबीडकडचे त्यांचे साडू आले. जीपमधून उतरताना हातात लांब पिशवी होती. आम्ही सगळे मचाणाखाली बसलो होतो. पाहुण्यांनी पिशवी सोडली. आत बंदूक.

"कळप कुठं बसते, कुठून उठते, तुले ठावं हाये म्हणते," ते मला म्हणाले. "त्याईले माहा वास लागणार नाही, अशी बसायची जागा दाखव. एक काळवीट पाडला, की कळप हे शिवार सोडून जाते. तुमचा हरभरा मोकळा!"

"गुन्हा हाये तो."

"इथं कोण पाह्यते?"

"मी."

पाहुणे हसले. तात्या म्हणाले, "दाखव वं पोरी. लांबून आले ते."

गणपतकाकांनी मान हलवली. "कायमची कटकट जाईन."

मग बाबा बोलले, हळू आवाजात. "दाखवून दे. हरभरा घरी आला, की शेत तुह्याकडंच राह्यते. मी शब्द देतो."

मी उठून उभी राहिले.

"जागा मले माहीत हाये. दाखवणार नाही. आन् पाहुणे, तुम्ही कुठंबी बसा, मी वाऱ्याच्या अंगाला जाऊन उभी राहीन. रोज. तुमच्या गोळीच्या आधी माहा वास त्याईच्या नाकात जाईन!"

पाहुण्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी काकांकडे. काकांनी बाबांकडे. बाबा खाली हरभऱ्याकडे बघत होते.

मी मचाणावर चढले आणि वारा कुठून येतो ते बघायला कापसाचा एक पुंजका सोडला.