माझा भाऊ आला

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी भाषाशास्त्रात पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

माझा विषय तिग्रिन्या, आफ्रिकेतल्या इरिट्रिया देशातल्या लोकांची भाषा. तिच्यात अक्षराच्या सुरुवातीला एकच व्यंजन चालतं. शब्दाच्या शेवटी दोन एकत्र आली, की मागे हळूच 'इ' लावतात. कुत्रा म्हणजे 'केल्बि'. घशातून निघणारा 'ह' तर असा, की आठवडाभर मी आरशासमोर खाकरत होते. रूममेट म्हणाली, "अगं बाई, डॉक्टरला दाखव!"

शब्द म्हणून दाखवायला कॅम्पसच्या किचनमध्ये काम करणारी एक इरिट्रियन बाई तयार झाली. आमची पद्धत अशी, की प्रत्येक शब्द एकाच ठरलेल्या वाक्यात बसवायचा आणि तीनदा म्हणवून घ्यायचा, म्हणजे आवाज नीट मोजता येतात. मी वाक्य निवडलं, "अमका आला." त्यांच्या 'आला'मध्ये मला हवा असलेला, फटकन फुटणारा 'त्स' होता. काय पण हुशारी माझी!

वडील आले, शेजारी आला, इथवर ठीक. "माझा भाऊ आला"पाशी ती अडखळली. हावेय मेत्सिउ. आवाज चिरकला. "वन्स मोअर, प्लीज," मी म्हटलं. पुन्हा तेच. मी वैतागले, चक्क घड्याळ बघितलं. सात वेळा म्हणवून घेतलं आणि वहीत लिहिलं, 'रेकॉर्डिंग खराब, बोलणारीचं लक्ष नाही.'

मी हेडफोन काढल्यावर ती शांतपणे म्हणाली, की तिचा धाकटा भाऊ देश सोडून बोटीनं समुद्र ओलांडायला निघाला होता, आणि चार महिने झाले, त्याचा फोन नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आमच्या घरी बाहेर पडताना "जाते" म्हणू देत नाहीत, "येते म्हण, वास्तू तथास्तु म्हणते." अशा घरातली मी! "सॉरी, सगळं डिलीट करते," मी पुटपुटले.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "हे वाक्य घरात कुणी उच्चारत नाही. निदान इथे तरी उच्चारलं गेलं. थांब, आता नीट म्हणते."

ती ताठ बसली. हावेय मेत्सिउ.

आणि मला मेलीला आधी काय ऐकू आलं, तर 'त्स' अगदी स्वच्छ आला होता.