जावयाचे तिखट धोंडे

आमच्या घरात कुठलीच वस्तू वाया जात नाही. गेलीच तर माझी अब्रू जाते, आणि तीसुद्धा वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी.

गेवराईत आमचं घर आणि ह्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली की आमची चूल पेटते. पाऊस चांगला झाला की मोटारी कुणी चालवतच नाही, मग जळणार कशा? त्यामुळं ज्या साली सगळा गाव खुशीत असतो, त्या साली आमच्या किराण्याच्या यादीला कात्री लागते. (पावसासाठी हात जोडताना देवाकडं नेमकं काय मागावं, हे मला अजून कळलेलं नाही.) खाणारी तोंडं पाच : आम्ही दोघं, सासूबाई आणि वाढीला लागलेली दोन पोरं. ही पोरं अशी, की भाकरी ताटात पडायच्या आत संपते! पण छाती ठोकून सांगते, माझ्या घरातून आजवर कुणी अर्धपोटी उठलेलं नाही.

ते कसं जमतं विचाराल, तर डोकं लागतं. भाजी आणायची ती आठवडी बाजार उठायच्या वेळेला. दोडका आणला तर दोडक्याची भाजी आणि त्याच्या शिरांची चटणी. कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात. आणि सगळ्यांत मोठा आधार म्हणजे येसर. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात धने, खोबरं, लाल मिरच्या घालून दळून आणायचं. फोडणीच्या पाण्यात हे पीठ दोन चमचे सोडलं की घरभर वास सुटतो आणि सगळ्यांना पुरून उरेल एवढी आमटी होते.

आता या येसरातली माझी एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळंच घडलं. गिरणीत येसर दळलं की थोडं पीठ जात्यात अडकून राहतं. गिरणीवाले बब्बूभाई मग त्यावर दोन मुठी कसलं तरी धान्य टाकतात, जातं साफ करतात आणि ते पीठ कोंबड्यांना घालतात. माझं येसर, माझं खोबरं, आणि मेजवानी कोंबड्यांना? जीव तुटायचा माझा! म्हणून मी येसराबरोबर गव्हाचाही डबा न्यायला लागले.

"बब्बूभाई, आधी येसर घाला, अन् लगेच त्याच्यावरच गहू सोडा."

"वैनी, गव्हाचं पीठ तिखट हुईल ना!"

"होऊ द्या. मिरची माझीच हाय."

त्या पिठाची पोळी लालसर होते, पण अशी चवदार की संगं भाजी नसली तरी चालतं. म्हणजे भाजीची पण बचत! ह्यांनी सुरुवातीला थोडी कुरकुर केली, मग सवय झाली. माणसाला सवय होते सगळ्याची.

तर गेल्या धोंड्याच्या महिन्यात आमच्या शीतलचा फोन आला. शीतल म्हणजे आमची थोरली लेक. सहा-सात महिन्यांपूर्वीच तिला आष्टीला दिली होती, भुसार दुकानवाल्यांच्या घरात. अधिक महिना आला की लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. आमची तर पहिलीच वेळ.

"आई, ऐतवारी यायलोत आमी धोंड्याला," शीतल म्हणाली. "एक सांगू का? रागावू नको. तुझी काटकसर तेवढी एक दिवस कपाटात ठिव."

"मी कवा काटकसर केली गं?"

"आई! माझ्या लग्नातल्या उरलेल्या अक्षता धुऊन त्याच्या भाकरी केल्यास तू!"

"ज्वारीच्याच होत्या की त्या! रंग थोडा गुलाबी आला एवढंच."

पलीकडं शीतल बारीक आवाजात म्हणाली, "नवीन हाय गं मी त्या घरात. मी सासूबाईला सांगून बसलेय, आमच्या आईचा हात लई सढळ हाय म्हणून. नाव जाईल आई माझं."

माझी काटकसर जगाला दिसली तर दिसू दे, पण तिच्यापायी पोरीला सासरी मान खाली घालावी लागली, तर माझं आईपण काय चुलीत घालायचं? जीव कळवळला माझा. मी शब्द दिला. "ये बाई. तुझी आई काय चीज हाय ते दाखवतेच त्यांना."

आणि दाखवायला मी निघालेच! डब्यांच्या तळाशी दडवलेलं सगळं बाहेर काढलं. किलोभर तूप आणलं (किलोभर! दुकानदारानं दोनदा विचारलं, "ताई, पावशेर ना?"). चांगला गूळ आणला, डाळ आणली, वेलदोडे आणले. गहू एकटेच नेऊन सगळ्यांत आधी, स्वच्छ जात्यावर दळून आणले. बब्बूभाईंनी काळजीनं विचारलं, "वैनी, तब्येत बरी हाय ना?"

हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. जावई, लेक, विहीणबाई आणि व्याही, असे पाहुणे चार आणि घरचे पाच. रविवारी सकाळी मी आणि सासूबाईंनी आधी वाणाचे तेहतीस धोंडे तळले, तांब्याच्या ताटात मांडले, देवासमोर ठेवले. आता त्यांना हात लावायचा नाही. जेवणासाठी वेगळे करायला घेतले, आणि तेवढ्यात दारात जीप थांबली.

जीपमधून व्याही उतरले. विहीणबाई उतरल्या. जावईबापू, शीतल. मग जावयाचा भाऊ उतरला. त्याची बायको उतरली. त्यांच्या दोन पोरी उतरल्या. जावयाची आत्या उतरली, आत्याचे मालक उतरले. मी दार धरून उभी! जीप रिकामी झाली असं वाटलं, तोवर ड्रायव्हरही चपला काढून आत आला.

"कपिलधारला दर्शनाला गेलतो," व्याही हसत म्हणाले. "जीप भाड्याची केलीच होती, म्हणलं समद्यालाच घ्या!"

"लई बरं केलंत!" मी म्हणाले. माझा आवाज कुठून आला ते मलाच कळलं नाही.

हे माझ्या मागं स्वयंपाकघरात आले आणि कानाशी कुजबुजले, "अगं, अकरा हायेत."

"डोळे हायेत मला! तुमी जावा, पाणी द्या त्यांना."

आमटीचा प्रश्न नव्हता. येसर कशाला असतं? दोन तांबे पाणी, दोन चमचे पीठ, परत दोन तांबे, परत दोन चमचे. भाताचं आधण वाढवलं. पुरण मी तसंही सढळ हातानं केलं होतं. पण कणीक! वाणालाच निम्म्याहून जास्त गेली होती. सगळ्यांना पहिल्या वाढपाला पुरती होईना. ह्यांना पीठ आणायला पाठवावं, तर स्वयंपाकघरातून रस्त्यावर जायची वाट पुढच्या खोलीतून. त्या खोलीत अकरा पाहुणे बसलेले, आणि त्यांच्यासमोरून घरधनी रिकामी पिशवी घेऊन जाणार? शीतल दाराशी येऊन उभी राहिली. तिचे डोळे घाबरेघुबरे झाले होते.

"जा गं, बस तिकडं. समदं हाय घरात," मी म्हणाले.

आणि होतंच! खालच्या फळीवर डबा होता. कुठला, ते तुम्ही ओळखलंच असेल. झाकण उघडलं. वास घेतला. येसराचा वास आला, खोटं कशाला बोलू. पण मी मनाला म्हटलं, आत एवढं गुळाचं पुरण, वरून तूप, त्यात काय कळतंय! सासूबाई म्हणाल्या, "सुनंदा, ही कणीक लाल कावून दिसायली?"

"नवा गहू हाय, आत्याबाई."

तळून काढले. रंग तर असा सुरेख आला की पहिल्या धोंड्यांपेक्षा हेच देखणे! आणि इथं माझं नशीब आडवं आलं. जावयाच्या ताटात काय वाढायचं असतं? सगळ्यांत गरम, आत्ता कढईतून निघालेलं. म्हणजे आधी तळलेले गोड, गुणी धोंडे गेले ड्रायव्हरच्या ताटात, आणि ते लाल, देखणे धोंडे बसले धोंड्याच्या मानकऱ्यापुढं!

जावईबापूंनी पहिला घास घेतला. चावला. थांबले. माझ्याकडं बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल व्हायला लागल्या.

"कसे झालेत?" मी विचारलं.

"झ... झकास, मामी."

गरीब स्वभावाचा मुलगा हो! त्यात त्याची आई शेजारून म्हणते, "नितीन, पानात काय टाकायचं न्हाई बरं. धोंड्याचं ताट हाय." त्यानं मुकाट्यानं दुसरा उचलला. जीभ भाजली की तूप मागायचा, तूप आलं की अजून एक धोंडा खायचा. तो तूप मागतोय बघून मी खूश! म्हटलं, बघा, आवडलं पोराला. मी अजून तूप, अजून धोंडे वाढतेय. कपाळावरून घाम गळतोय बिचाऱ्याच्या, उचकी लागलीय, तरी "पुरे" म्हणायची पद्धत नाही म्हणून खातोय! सहावा धोंडा त्यानं डोळे मिटून खाल्ला.

तेवढ्यात दुसरं वाढप निघालं आणि लाल धोंडे सगळ्यांच्या ताटात पडले. जावयाच्या आत्यांनी एक मोडून तोंडात घातला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "अगं बया! ह्या धोंड्यात मिरची हाय का काय?"

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. नुसती जावईबापूंची उचकी ऐकू येत होती.

"आमच्याकडं... मसाल्याचेच असतेत," मी म्हणाले. "जुनी पद्धत हाय."

"कवापासून?" आमच्या ह्यांनी विचारलं. (इतकी वर्षं संसार केला, पण ह्या माणसाला योग्य वेळी गप्प बसणं जमलेलं नाही!)

शीतलनं मान खाली घातली. विहीणबाई ताटावरून उठल्या, हात धुतला, सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. गेलं! पोरीचं नाव गेलं! सासरी आता जन्मभर ऐकून घ्यावं लागेल तिला, आणि तेही माझ्या दोन मुठी पिठापायी!

मी काही लपवलं नाही. येसर, जातं, कोंबड्या, लाल पीठ, सगळं भडाभडा सांगून टाकलं. बोलता बोलता रडूच कोसळलं. "विहीणबाई, मला काय बोलायचं ते बोला. पण पोरीला बोल लावू नका. ती बिचारी सांगत होती मला, आई, कंजूषपणा करू नको म्हणून. माझीच खोड हाय ही. तिनं एक गुण घेतला न्हाई हो माझा!"

विहीणबाई पाटावर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून जे हसायला लागल्या, ते थांबेचनात!

"घेतला न्हाई? अवो, आमी अकरा जण कावून आलोत, ठावं हाय का तुमाला?"

"कपिलधारला..."

"कपिलधारचं नुसतं निमित्त! तुपासाठी आलोत आमी, तुपासाठी!" त्यांनी डोळे पुसले. "लग्नानंतर आमच्या दुकानाची पार उतरती लागली. घर कसं चालवावं कळंना, तवा ह्यांनी घरातला कारभार शीतलच्या हाती दिला. पोरीनं असं धरलं घर, की काय सांगू! कुणाला उपाशी ठिवलं न्हाई, कुणापुढं हात पसरू दिला न्हाई. पण तूप? तूप ती अशी वाढती की देवाच्या दिव्याला जास्त अन् आमच्या ताटाला कमी! अन् वरून सांगती, माझ्या आईकडं तुपाची नुसती धार असती. मंग काय, धोंड्याचं नाव काढल्याबरुबर समदं घर जीपमधी येऊन बसलं. वन्सं तर परळीहून आल्यात!"

मी तोंडाचा आ करून ऐकत होते.

विहीणबाईंनी माझा हात धरला. "तिखट तर तिखट, विहीणबाई. आज समद्यांनी पोटभर तूप खाल्लं. अन् असली सून दिलीत आमाला, आता तुमच्या धोंड्याला नावं ठेवून मी कुठं जाऊ?" मग त्या बाहेर जाऊन सगळ्यांना म्हणाल्या, "वाढून घ्या रे अजून, मसाल्याचे धोंडे हायेत, परत मिळायचे न्हाईत!"

त्यांच्या मागं दारात शीतल उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. "आई, मला वाटलं, त्यांना कळलं की मी तुझ्याकडूनच शिकले, तर ते तुलाच हसतील. म्हणून गं..."

म्हणजे ती माझं नाव जपत होती, आणि मी तिचं! किलोभर तूप आणायला लावल्याबद्दल तिला चांगली झाडायचं मी ठरवलं होतं, पण भरून आलं मला. जवळ ओढून घेतलं. बाहेर कुणी ऐकत नाही ना बघितलं, आणि मग मला राहवेना. हळूच विचारलं, "पण काय गं, एवढ्याशा तुपात सगळं घर भागवतीस कसं?"

"थिजलेलं वाढायचं न्हाई, आई," तिनं डोळे पुसत कानात सांगितलं. "कडकडीत गरम करायचं. चमचाभर टाकलं तरी भातावर असं पसरतं, की ताट तुपानं भरल्यावानी दिसतं."

मी कपाळाला हात लावला. पंचवीस वर्षं झाली संसाराला, आणि मी आपली थिजलेल्या तुपाचे गोळे वाढतेय! आणि स्वतःला काटकसरी म्हणवून घेतेय! उधळी मेली!