गेल्या सालची काटी

पावसाळा सरला की बोरखडीच्या डोंगरावर पहिलं पाऊल दगडाबाईचं पडायचं. तिच्या आधी ना गुराखी चढायचा, ना गवतवाला. कन्नडहून जीपनं आलं की टेकड्यांच्या खोबणीत हे गाव लागतं, आणि गावातून सात वाटा वर जातात. पावसानं त्यांतली कुठली खचली, कुठं तडा गेला हे चालून बघायचं, आणि धोक्याच्या वाटेच्या तोंडावर बोराटीची काटी, म्हणजे रानबोरीची काटेरी फांदी, आडवी टाकून तिच्यावर दगड ठेवायचा, हे तिचं काम. तिच्या बापाचं आणि आज्याचंही तेच. बापाला मुलगा नव्हता म्हणून काम पोरीकडं आलं. गावच्या शहाण्यांनी तेव्हा नाकं मुरडली, पण वाटा बघायला त्यांच्यातला एकही पुढं झाला नाही.

दोन भावंडं पाळण्यातच गेल्यावर ही जगावी म्हणून आईबापानं तिचं नाव दगडा ठेवलं. ती जगली. नवरा रामकिसन घरजावई आला आणि बन्सी चार वर्षांचा असताना तापानं गेला. मग ती, बन्सी आणि सात वाटा, एवढाच तिचा प्रपंच.

काटीचा कायदा साधा होता. हिरवी काटी म्हणजे यंदाची. तिला हात लावायचा नाही, मागं फिरायचं. वाळकी काटी म्हणजे गेल्या सालची. दगडाबाईनं वाट बघितली आणि हिरवी टाकली नाही, याचा अर्थ वाट पुन्हा धड झाली; मग तिच्या घरच्यांनी वाळकी उचलायची, बाजूला नीट ठेवायची आणि वाट मोकळी करायची. गुडघ्यांनी संप केल्यापासून हे वाकायचं काम बन्सीकडं होतं. तिनं पुढं जाऊन बघावं, त्यानं मागून येऊन उचलावं.

"माणूस सांगायचं इसरंल, काटी नाय इसरत," असं तिचा बाप म्हणायचा. तिनंही ते पोराला घोकून घोकून शिकवलं होतं.

त्या साली काकासाहेबांनी डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकले. काकासाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार. मुलगा शहरात, उस्मानपुऱ्यात राहतो, त्याच्या डोक्यातली ही कल्पना. शहरातली माणसं शनिवारी यायची, पिठलं-भाकरी खाऊन तंबूत झोपायची आणि रविवारी डोंगर चढायची. चालायला पैसे मोजतात म्हणून गाव पोट धरून हसलं. बन्सी मात्र खूश होता. ज्या वाटा तो फुकट तुडवत आला, त्यांच्यासाठी आता लोक त्याला 'बन्सीभाऊ' म्हणत होते. तंबूंना कुंपण हवं म्हणून काकासाहेबांच्या गड्यांनी उतारावरची सगळी बोराटी छाटून नेली. डोंगर भादरल्यासारखा दिसायला लागला. दगडाबाईला ते बघून बरं वाटलं नाही, पण मोठ्यांच्या तोंडी कोण लागणार?

सहा वाटा बघून झाल्या. सातवी, कड्याची, तिनं शनिवारी दिवस कलताना गाठली. एका अंगाला उभा कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि मधे हातभर वाट. गेल्या साली ती बंदच होती, तोंडावर तेव्हाची काटी वाळून पडली होती. दगडाबाई आत गेली. मधोमध दोन बोटं रुंद तडा होता. तिनं काठी घातली, काठी अर्धी आत गेली. खालून गार वारा वर आला.

तोंडाशी येऊन तिनं बोराटी शोधली. जिकडंतिकडं नुसती खुंटं. खाली ओढ्यात जाऊन काटी आणून पुन्हा चढायचं, तर गुडघा उभा राहू देईना. जुनी काटी तर होतीच. तिनं तिच्यावरचा दगड नीट बसवला आणि स्वतःशी म्हणाली, सकाळी हिरवी आणून टाकते, आज कोण येतंय मरायला! बन्सी त्या रात्री पाहुण्यांपाशी तंबूतच होता. उद्या तो त्यांना महादेवाच्या वाटेनं नेणार हे तिला ठाऊक होतं. ती घरी आली आणि भाकरी खाऊन झोपली.

सकाळी ती ओढ्यात बोराटी तोडत होती. तंबूवर भाकऱ्या थापायला जाणारी आशाबाई परत येताना थांबली.

"कड्याच्या वाटंनं गेले गं समदे. महादेवाच्या वाटंला फोटू चांगले निघत नाय म्हणं."

"जातेत कुठं? काटी हाय तिथं. बन्सी फिरवील की मागं."

आशाबाई गेली. दगडाबाईनं एक फांदी ओढली, काटा बोटात खोल गेला. बोट तोंडात धरून ती हातातल्या हिरव्या पानांकडं बघत राहिली. काटी आहे, खरं. पण कसली? विळा तिथंच पडला. गुडघे दुखतात हे तिला त्या चढावर एकदाही आठवलं नाही.

वाटेचं तोंड मोकळं होतं. धावड्याच्या झाडाच्या बुडाशी वाळकी काटी सरळ ठेवलेली होती, तिच्यावर दगड. तिनं शिकवलं होतं अगदी तसं.

कड्यावर मागून हाक मारायची नसते. माणूस दचकून वळतो. ती आत शिरली, शेवटच्या पोरीच्या पाठीवर अलगद हात ठेवला. "फीर मागं लेकरा. खाली बघू नगं." मग पुढचा, मग त्याच्या पुढची. ती कपारीत अंग चोरून उभी राहिली आणि एकेक करत अठरा माणसं तिच्यासमोरून मागं गेली. कुणी रडत होतं, कुणी चिडलं होतं. तड्याच्या पलीकडं एकटा बन्सी उरला, डोक्यावर सगळ्यांच्या भाकरीचं टोपलं.

"तिकडूनच जा, बन्सी. वळसा घालून ये."

"दोन तास जातेन माय. पाव्हणे उपाशी हायेत." तो हसला. "काल तू वाट बघाया वर गेलेली दिसली मला. आन् काटी तर गेल्या सालचीच हुती की! मी बघूनच उचलली."

तेवढ्यात सांगायला हवं होतं. चूक माझी, मी हिरवी टाकली नाही, इतकंच. पण उभ्या जन्मात तिची काटी चुकली नव्हती. एक श्वासभर तिची जीभ जागची हलली नाही. त्या श्वासात बन्सीनं पाऊल उचललं.

आवाज फारसा झाला नाही. माती सरकली, मग दगड, आणि बऱ्याच वेळानं खालून टोपलं आपटल्याचा आवाज आला.

दहाव्याला सगळं गाव ओढ्यावर जमलं. पिंडाला कावळा शिवेना. काकासाहेब सावलीत बसले होते. ते हळहळून म्हणाले, "घरचीच हिरवी काटी उचलायची नसती, येवढं पोराला कळाया पायजे हुतं. शहरातल्या लोकांच्या नादी लागलं."

माना डोलल्या. आता दहा दिवसांनी हिरवी काटीही वाळलेलीच दिसली असती. कोण ओळखणार होतं? गप्प बसली असती तरी चाललं असतं.

दगडाबाई उठली. "काटी गेल्या सालची हुती," ती म्हणाली. "बन्सीनं बराबर उचलली. हिरवी टाकायची माझ्याकडून राह्यली. पोराला बोल लावू नका. वाटा आता दुसऱ्या कुणी बघा."

काकासाहेबांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं कावळा पिंडाला शिवला.

पुढच्या साली वाटा बघायला कुणी पुढं आलं नाही. शेवटी तीच निघाली, ओढ्यातून तोडलेल्या हिरव्या बोराटीचा भारा डोक्यावर घेऊन. कड्याची वाट आता उरलेलीच नाही, तरी तिच्या तोंडावर ती दर साली हिरवी काटी टाकते. गेल्या सालच्या वाळक्या तिथंच पडून आहेत, एकीवर एक. त्या ती उचलत नाही. ते काम बन्सीचं.