ओपन म्हटलं की हात वर

आधी चहा घ्या हातात. ही फजिती कोरड्या घशानं सांगवत नाही मला. आणि हसायचं तर मधेच हसून घ्या, शेवटी मला तोंड लपवायला जरा वेळ लागतो.

तर मी पारनेरकडच्या एका गावातल्या वाचनालयाचा कार्यवाह. जिल्ह्यातल्या अशा वाचनालयांची मिळून एक समिती आहे. पुस्तकांच्या याद्या आता कॉम्प्युटरवर गेल्या. पण एकानं पाठवलेली फाईल दुसऱ्याकडे उघडेल तर शपथ. उघडलीच तर अक्षरांच्या जागी चौकोन! म्हणून सगळ्यांनी एकाच प्रकारची फाईल वापरायची असं ठरलं. कुठल्या प्रकारची, ते बैठकीत मतदान घेऊन ठरणार होतं.

माझा जीव ओपन फॉरमॅटवर. म्हणजे फाईल कशी बांधलीय ते सगळ्या जगाला माहीत, त्यामुळे ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते, अगदी फुकटच्यासुद्धा. समोर होते कोपरगावचे खैरे. ते सॉफ्टवेअर विकतात. त्यांचं म्हणणं, लोकांना कंपनीच्याच फाईलची सवय आहे, तीच ठेवा. ती नीट उघडायला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं आणि ते दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं. कुणाकडून, हे सांगायला हवं का?

बैठक जवळ आली तसं कुणीतरी माझ्या कानाला लागलं, की खैरे आपली माणसं भरतायत. मी पेटलो. दर वाचनालयाला एक मत. मला आठवलं, तालुक्यातली काही वाचनालयं केव्हाच बंद पडलीत, पण समितीच्या यादीत अजून आहेत. त्यांच्या विश्वस्तांना भेटलो. प्रतिनिधी मीच सुचवतो म्हटल्यावर ते तर सुटल्यासारखे हसले. मग माझा मेहुणा संपत, जो केडगावात टेम्पो चालवतो, आणि त्याचे दोन दोस्त असे तीन प्रतिनिधी तयार झाले. पारदर्शकता आणायची तर थोडं झाकून करावं लागतं, असं मी बायकोला समजावलं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. शहाणा असतो तर तिथंच थांबलो असतो.

संपतला फाईलचं सगळं सांगायला बसलो, तर तो जांभया द्यायला लागला. शेवटी सोपं करून सांगितलं. अध्यक्षांच्या तोंडून ‘ओपन’ शब्द आला, की तिघांनी हात वर करायचा. बाकी चकार शब्द काढायचा नाही.

“एवढंच ना दाजी? मग झालं समजा.”

बैठक नगरला होती. अध्यक्ष भागवत सर, निवृत्त मुख्याध्यापक. आजही त्यांच्यासमोर माणूस आपोआप शर्टाचं बटण लावतो. मी भाषण ठोकलं. निर्णय कोण घेतंय, कशासाठी घेतंय, सगळं उजेडात आलं पाहिजे, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. खैऱ्यांनीही वाजवल्या, तेव्हा मात्र जरा चमकलो.

सर उठले. म्हणाले, “मतदान कसं घ्यायचं ते आधी ठरवू. चिठ्ठ्या टाकून गुप्त, की नाव घेऊन ओपन?”

झालं. तिघांचे हात वर. संपतचे तर दोन्ही! मी डोळे वटारून नको नको करतोय, त्याला वाटलं मी शाबासकी देतोय. तेवढं भाषण झोडल्यावर मी कुठल्या तोंडानं गुप्त मतदान मागणार?

मग एकेकानं उठून नाव, वाचनालय आणि मत सांगायचं ठरलं. खैऱ्यांच्या बाजूचे आधी उठले. मी त्यांना भरलेली माणसं समजत होतो. तर एकूण एक खरा ग्रंथपाल! एका बाईंच्या कमरेला तर वाचनालयाच्या किल्ल्या होत्या. कसंबसं एक सॉफ्टवेअर शिकलोय, आता दुसरं नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग संपत उठला. वाचनालयाचं नाव त्यानं बरोबर सांगितलं. मी श्वास सोडला. पण सरांनी सहज विचारलं, तिथं कॉम्प्युटर कुठला आहे?

मुख्याध्यापकाचा आवाज तो. संपत वर्गात उभा राहावा तसा ताठ झाला.

“सर, तिथं सध्या कांदा हाय.”

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं.

“म्हंजी पुस्तकं हायती कपाटात, पन कपाटाम्होरं गोन्यांची थप्पी लागलीय. मीच टेम्पोनं आनल्या.”

“आणि प्रतिनिधी तुम्हाला कोणी केलं?”

“ह्या आमच्या दाजींनी,” असं म्हणून त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. अभिमानानं, बरं का.

तिघांची मतं बाद झाली आणि मी असा आपटलो, की पुन्हा मोजा म्हणायचीही सोय उरली नाही. खैरे स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. हळूच म्हणाले, “साहेब, मी माणसं भरली असती ना, तर निदान पुस्तकवाली भरली असती.”

निघताना भागवत सरांनी हाक मारली. पारदर्शकतेचा माझा मुद्दा त्यांना फार पटला होता म्हणे. म्हणून आजचं इतिवृत्त मीच लिहायचं. नावानिशी. कांद्यासकट.

लिहिलं. हातानं, सुवाच्य अक्षरात, खाली माझी सही. समितीच्या दारावर चिकटवलंय. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो आणि हसत आत जातो. ना कंपनी लागते, ना खैरे. अख्ख्या जिल्ह्यात मी आणलेलं ओपन डॉक्युमेंट ते एवढंच!